मी थंड आहे

इसाफ्योर्दुर. मासळीच्या कारखान्याचं कॅन्टीन,
मंगळवारी साडेसातला माझा वर्ग.
नोव्हेंबरात इथे सूर्य डोंगराच्या वर येतच नाही.
कॉडचा वास जावा म्हणून एक खिडकी उघडी.

बोझेना हातमोजे हीटरवर वाळत घालते, म्हणते,
"मी थंड आहे."

आमच्या भाषेत माणूस थंड नसतो,
माणसाला थंडी वाजते,
जशी भूक लागते, जशी आठवण येते, न विचारता.
'मी'चा 'मला' करायला अर्धा श्वास पुरतो.
तो मी गिळला.

त्याला कारण अनुरक, मागच्या बाकावरचा.
पहिल्या वर्षी त्याच्या तीन शब्दांच्या वाक्यात
मी चार चुका काढल्या.
तो 'हो' म्हणाला.
तेव्हापासून तो 'हो'च म्हणतो.

मग मी कानाडोळा करायला शिकले.
प्रशिक्षणात त्याला बरं नाव आहे: ओघ न तोडणं.

फेब्रुवारीत बोझेना आली ती दार आपटूनच.
अंगात ताप, दवाखान्यातली खिडकी, मागे रांग,
आणि तिचं ते वाक्य.
खिडकीतली बाई हसून म्हणाली,
"थंड असशील तर डॉक्टर कशाला, पाद्री बोलाव."
रांगही हसली.

"तुला माहीत होतं?"
"होतं."
"सप्टेंबरपासून?"
"हो."
"मग मी इथे शिकायला येते की पाहुणी म्हणून?"

माझ्याकडे उत्तर होतं, व्याकरणशुद्ध.
ते मी दिलं नाही.

त्या संध्याकाळी तिच्या अकरा चुका सांगितल्या.
तिने वहीत उतरवल्या, दात आवळून,
ओळीखाली ओळ.
मग ती वोम्झाबद्दल बोलू लागली, आईबद्दल,
पलंगाची लोखंडी कड, नर्सने कापलेले केस,
विभक्त्या सगळ्या सैरावैरा.
माझे ओठ हलले असावेत.
तिने तळहात वर केला: आत्ता नाही.

बोलून झाल्यावर डोळे पुसले, पेन उघडलं.
"आता सांग. किती?"
"मोजल्या नाहीत," मी म्हणाले.
सात होत्या.

तेवढ्यात मागून, कुणाकडेच न बघता,
अनुरक म्हणाला,
"मला... मला थंडी."

क्रियापद राहिलं होतं.
मी उठून खिडकी लावली.