झोळ

बाबांच्या होडीघरात, लोफोटेनच्या टोकाला,
वाटणीत उरली एवढीच: नांगराची साखळी,
गंजकी, खारट, असेल पाचेक हात.
ओडमुंड म्हणाला, मोजून टाकू. धर.

एक टोक त्याच्या मुठीत, एक माझ्या.
मधे झोळ.
मोजायची तर सरळ हवी. ओढ, म्हणाला.
मी ओढली. टाचा फळ्यांवर घसरल्या,
खांदे कळवळले, तरी मधल्या कड्या
बोटभर खालीच.
पुरती सरळ ती होतच नाही,
कितीही जोर लावा.
स्वतःचं वजन ती टाकणार कुठे?

आणि या ओढाताणीत
तो आडवं खेचतो जेवढं, तेवढंच मी,
कणभर कमी नाही.
नऊ वर्षं हेच.

बाहेर मासे वाळवायच्या रिकाम्या मांडवांतून वारा.

दम लागला म्हणून मी पाऊलभर पुढे गेले.
तोही आला, बहुधा दमूनच.
साखळी खोल लोंबली,
तळाशी तिचा आवाज थांबला.
मुठीला मूठ लागली तेव्हा कळलं,
ओझं एवढंच होतं तर:
अर्धं त्याच्याकडे, अर्धं माझ्याकडे.

मोजायची राहिलीच.
कॉफी आहे का, त्याने विचारलं.