खोकला असलेली प्रत

कॉम्प्युटर आमच्या घरी आला तोच मुळी चोरून.
श्टुटगार्टहून बोयाना मावशीनं आणला,
धुण्याच्या पावडरीच्या खोक्यात पुरून.
कस्टमवाल्यानं रबराची बटणं दाबून पाहिली,
हे काय? म्हणाला.
हिशेबाचं यंत्र, मावशी म्हणाली.
तसं खोटं नव्हतं ते.
पुढे कित्येक वर्षं आम्ही मोजतच राहिलो,
किती जीव उरले, टेपवर किती जागा.

दुकान नव्हतं, हे आधी सांगायला हवं.
नीशमध्ये टीव्ही बनत, रेडिओ बनत,
बाबा त्याच कारखान्यात तारांना डाख लावत.
पण खेळ विकणारं दुकान
मुठीत पैसे घेऊन हिंडलं तरी सापडलं नसतं.
ज्यानं खेळ लिहिला तो कुठल्याशा इंग्लिश गावात
भाड्याच्या खोलीत बसला असेल,
कदाचित उपाशीही.
आमच्या डोक्यात तो कधी आलाच नाही.
चोरी म्हणायला समोर धनी दिसावा लागतो.
आम्हाला दिसायचा ल्युबिशा,
कोंबड्यांच्या खुराड्यावरच्या खोलीत
एका कॅसेटच्या दोन करणारा
आणि बदल्यात आईच्या भाजल्या मिरच्यांच्या चटणीची
एक बरणी मागणारा.

आणि शनिवारी रात्री रेडिओ.
तयार राहा, निवेदक सांगायचा,
आणि हवेतून खेळ यायचा:
किर्रर्र, चींऽऽ, किर्रर्र,
पत्र्यावर खिळा ओढावा तसा.
त्या किंचाळीत एक किल्ला होता,
सात दालनं, एक किल्ली,
तळघरात झोपलेलं अस्वल.
ल्युबिशाकडेही तो नव्हता.
आमच्याकडे जोडायची वायर नव्हती,
रेडिओसमोर माईक धरायचा आणि श्वास आवरायचा.
दोब्रित्सानं कुत्र्याचं तोंड दाबलेलं,
आईनं नळ बंद केलेला,
मी घड्याळ उशीखाली कोंबलेलं.
दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद झाले,
आणि बाबा खोकले.

एकदाच. डाखाच्या धुराचा, खोलवरून.

किल्ला कधीच उघडला नाही.
पडद्याच्या कडेनं निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावायच्या,
बुरूज उतरायचा, पूल उतरायचा,
आणि बाबांच्या खोकल्यापाशी येऊन
सगळं थिजायचं.
दोब्रित्सानं आठ दिवस अबोला धरला.
बाबा मग दर शनिवारी
जिन्यात जाऊन बसू लागले, जानेवारीतसुद्धा.

पुढे देशाचेच तुकडे झाले.
बंदी आली, औषधं मिळेनात.
ल्युबिशा गाडीच्या बॉनेटवर सीड्या मांडून उभा राही,
सिनेमे, शब्दकोश, नकाशे काढायचे प्रोग्रॅम.
माझी इंजिनिअरिंगची पदवी त्या बॉनेटवरून आली आहे.
कुणी विचारलं तर नाकारणार नाही.

मागच्या महिन्यात तो खेळ विकत घेतला.
चार युरो नव्वद, रीतसर, पावतीसकट.
लिहिणाऱ्याचं नाव पहिल्यांदा वाचलं, नेव्हिल थ्रॉसेल.
(ल्युबिशाच्या प्रतींवर तिथे ल्युबिशाचंच नाव असायचं.)
म्हटलं, नेव्हिलराव, उशीर झाला, घ्या.
डोळ्याचं पातं लवायच्या आत किल्ला उघडला.
ना पट्ट्या, ना किंचाळी.
पंचवीस मिनिटांत सातही दालनं संपली.
अस्वल म्हणजे नुसता तपकिरी चौकोन.

ती कॅसेट अजून आहे.
बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली,
फोटो पुष्कळ, आवाज मात्र
दुसरा कुठेच नाही.
काल मेलबर्नहून दोब्रित्साचा फोन आला,
इकडचं तिकडचं बोलला,
मग म्हणाला, ती बिघडलेली आहे ना,
तिची एक कॉपी काढून दे मला.

वायर आता मिळते. आणलीही होती.
पण माईकच धरला आहे.
नळ बंद केलाय,
मुलाला खाली खेळायला पाठवलंय,
दोन मिनिटं अडतीस,
एकोणचाळीस,
श्वास आवरून बसले आहे.