सालई, क्रमांक ४७

पालच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा
पोरांचा पहिला प्रश्न : वाघ कुठाय?
दुसरा : रेंज कुठे येते?
तिसरा कुणी विचारलाच नाही.
मे महिना. जंगल उघडंवाघडं उभं.
सावद्याच्या त्या तेवीस जणांना वाटलं असावं,
आपल्याला चुकून मसणात उतरवलं.

माझ्याजवळ खात्याचा तक्ता होता.
त्यात एक हिरवं झाड, एक पिवळा सूर्य,
तळाशी, ‘वने आपले मित्र’.
तो गुंडाळून बसमध्येच ठेवला.

सुकीच्या कोरड्या पात्रातून चढताना म्हटलं,
केळीचा मळा डोळ्यांपुढे आणा.
एका उंचीची, एका वयाची, एका आईची
हजार झाडं, प्रार्थनेला उभी असल्यासारखी.
इथे रांग लावायला कुणी नाही.
हा धावडा. ही टेंभुर्णी.
हा कांडोळ, चांदण्यात पांढराफटक दिसतो,
भूत म्हणतात त्याला,
पण आजवर कुणाला धरलेलं नाही.

आणि हा अंजन, बोटभर.
ओढून बघ. नाही येणार.
वर बोटभर, खाली तुझ्या कमरेइतका.
आधी ओलीचा पत्ता काढतो, पानांचं मग बघू म्हणतो.
‘आमच्या पप्पांसारखं बोलतो हे झाड,’
मागून कुणीतरी पुटपुटलं.

तन्मय वायकोळे. घरच्या तीन बोअर, तिन्ही आटलेल्या.
त्याने विचारलं, सर, पण ह्याचा उपयोग काय?

मी त्याचीच बाटली मागितली.
अर्धी ओतली पायवाटेवर,
ढोरांच्या खुरांनी सिमेंट झालेल्या.
पाणी धूळ घेऊन पळालं.
अर्धी ओतली सागाच्या कुजक्या पानांवर.
ते थांबलं.
जरा विचार केल्यासारखं केलं.
मग गेलं.

कुठे गेलं?
तुमच्याकडेच निघालंय, म्हटलं, जमिनीखालून, पायी.
पोचेस्तोवर तुझं लग्न झालेलं असेल.
सगळे हसले. तो नाही हसला.
वाकून ओली पानं बोटाने उचकत राहिला.
खाली वाळवी होती,
आमच्याकडे लक्ष द्यायला तिला वेळ नव्हता.

पुढच्या वळणावर सायबू तडवी, फायर वॉचर.
मोह वेचायच्या दिवसांत
तीन वणवे ओल्या फांदीने झोडपलेला माणूस,
भुवया अजून पुरत्या उगवलेल्या नाहीत.
त्याने ओठांवर बोट ठेवलं
आणि आम्हाला एका बोडक्या सालईसमोर बसवलं.
बुंध्यावर तांबडा रंग : ४७.
म्हणजे रस्त्याला धोका. म्हणजे तोडायची.

‘हे वठेल हाये, भाऊ, मरेल नई,’ सायबू कुजबुजला.
‘सुतारानं भोक पाडलं, तो गेला.
मंग पोपट राहिले दोन साल.
आता तिसरं बिऱ्हाड हाये.’

बराच वेळ काही झालं नाही.
तेवीस पोरं गप्प, हाच काय तो चमत्कार.
कुणाच्या तरी पोटात गुडगुडलं.
मग भोकाच्या तोंडाशी, भर दुपारी,
मूठभर राखाडी डोकं,
दोन पिवळे डोळे.
रानपिंगळा.
उशिरा आलेल्यांकडे मास्तर पाहतात
तसं त्याने आमच्याकडे पाहिलं
आणि आत गेला.

संध्याकाळी अर्ज भरला.
सहभागी विद्यार्थी : तेवीस.
दिसलेले मोठे वन्यप्राणी : नाही.
लावलेली रोपे : इथे शून्य लिहायला हात धजत नाही,
साहेब नेमकं त्याच रकान्यावर बोट ठेवतात.
लिहिलं शून्य.
शेरा : क्र. ४७ तोडू नये. आत राहणारे आहेत.

अर्ज अजून टेबलावरच आहे.
सायबूने त्या तांबड्या आकड्यावर
नदीचा चिखल थापलाय.
पावसात धुऊन निघेल, मी म्हटलं.
मंग पुन्हा थापीन, तो म्हणाला,
चिखल काय इकत आनाचा हाये?