तुर्भ्याचा हिराजी

नोटीस आली तेव्हा आई लसूण सोलत होती.
मी वाचून दाखवली, दोनदा:
हिराजी ट्रेडर्स, तुर्भे, गाळा अडतीस,
भंगार लोखंडाची खरेदी-विक्री,
उलाढाल चार कोटी अठरा लाख,
कर थकीत.
मालक हिराजी पोशा मढवी.
बाबा म्हणाले, "नाव तर माझंच हाय,"
आणि चष्मा पुसत बसले.

एकोणतीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत, बॉयलरवर.
बोटांवरच्या रेषा वाफेनं कधीच नेल्या.
ऐरोलीच्या रेशन दुकानात यंत्र दर महिन्याला सांगतं,
ठसा जुळत नाही.
अंगठा पुसा. पुन्हा लावा. डावा लावा.
मागे रांग चुळबुळते.
तांदळाच्या पिशवीपुरतंही
स्वतः असणं सिद्ध होत नाही त्यांचं,
आणि तिकडे कुणीतरी
एका झेरॉक्सवर
चार कोटींचा हिराजी होऊन गेला.

आम्ही गेलो तुर्भ्याला, त्याला बघायला.
बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला,
सोयरिकीला निघाल्यासारखा.
गाळ्यात एक मुलगा शाळेची दप्तरं शिवत होता.
लोखंड म्हणाल तर मशीनची सुई.
"हिराजी इथं कुणी नाही."
"मीच हिराजी," बाबा म्हणाले.
"मग हे घ्या की."
दप्तरांच्या ढिगामागून त्यानं काढला
सुतळीनं बांधलेला गठ्ठा.
"वर्षभर येतंय तुमचं टपाल. टाकवेना."

बँकेची पत्रं, मोबाईलची बिलं,
आणि कुणा सीएचं दिवाळीचं शुभेच्छापत्र.
परतताना बसमध्ये बाबांनी तेवढं एक
पुन्हा पुन्हा वाचलं.
"आदरणीय हिराजीशेठ."

सायबर पोलिसांनी विचारलं,
कागद कुठे कुठे दिले होते?
बाबा बोटांवर मोजू लागले. गॅसवाल्याला.
फ्रिजच्या हप्त्याला. गोठिवलीच्या लग्नाच्या हॉलला.
भाच्याच्या भाड्याच्या खोलीला.
छत्रीखाली टेबल टाकून सिमकार्डं विकणाऱ्या पोराला,
त्यानं तर आधी पाणी विचारलं होतं.
बोटं संपली, मोजणं संपेना.
आजोबांनी शेताच्या कागदावर अंगठा दिला
तेव्हाही समोरचा माणूस
गोडच बोलला होता म्हणतात.

आता घरात नवी शिस्त.
बाबांच्या आधारला मी मोबाईलवरून कुलूप घातलंय,
रेशनच्या दिवशी उघडते, संध्याकाळी लावते,
कडी लावावी तसं.
सगळ्यांच्या नावावरची कर्जं तपासते
दर तीन महिन्यांनी, असोत नसोत.
धाकट्याला बजावलंय,
ओटीपी देवानं मागितला तरी द्यायचा नाही.
आई म्हणाली, देव कशाला मागेल,
त्याला काय कमी आहे.

आणि बाबा प्रत्येक झेरॉक्सवर तिरकं लिहितात,
थेट स्वतःच्या चेहऱ्यावरून,
बॉयलरच्या नोंदवहीतल्याच टपोऱ्या अक्षरात:
फक्त गॅस जोडणीसाठी. तारीख. सही.
परवा लिहिलं, फक्त गुडघ्यासाठी.
दुकानदार म्हणाला, काका, फोटो खराब झाला.
"होऊ दे," बाबा म्हणाले,
"चांगला होता तवाच गेला."

कपाटातल्या जुन्या प्रती आईनं फाडून
बादलीत भिजवल्या, मूठभर मेथ्यांबरोबर,
दोन रात्री.
मग कुटून, उपड्या पातेल्यावर लगदा थापला,
तिची आई थापायची तसा.
गच्चीवर चार दिवस ऊन.
टोपली झाली. करडी, हलकी, जरा वाकडी.
लसूण तिच्यातच असतो आता.
तळाशी शाईचा एक ठिपका राहिलाय.
आई म्हणते, तो बाबांचा डोळा.
मला वाटतं, कुठल्यातरी आकड्यातलं शून्य.

तुर्भ्याचा हिराजी अजून सापडलेला नाही.
पुढची तारीख मंगळवारची.
बाबा शर्ट इस्त्रीला टाकून आलेत.