डावखुरा

केप मे, न्यू जर्सी. समुद्रापासून तीन गल्ल्या आत
मिसेस ट्रूझडेलच्या व्हरांड्याला अकरा ब्रॅकेट.
नववा कुजलेला:
स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला,
भिजल्या पावात जावा तसा.

उतरवला. रंग खरवडला.
पांढरा, शेवाळी, पुन्हा पांढरा,
तळाशी वांगी.
वेलीच्या पोटात गांधीलमाश्यांचं रिकामं घर.

नवा करायचा तर जुना वाचावा लागतो.
सगळी वळणं उलट्या अंगाने कापलेली,
माझी गोल पटाशी बसेचना त्या खाचांत.
दुपारी कधीतरी उमगलं:
डावखुरा होता गडी.

मग मीही पटाशी डाव्या हातात घेतली.
पहिल्या पानाला अंगठा कापला,
दुसरं फसलं,
सीडरचा भुगा रक्ताला चिकटून बसला.
चौथ्याला हात जरा रुळला.

पाचव्या पानाला त्याने शीरच काढलेली नाही.
विसरला असेल,
किंवा जेवायला हाक आली असेल.
"तेवढी घालून टाका की," बाई म्हणाल्या.
मी नाही घातली.

रंग वाळल्यावर त्या खाली उभ्या राहून
बोटांनी मोजत होत्या,
नववा की दहावा, नवा कुठला.
शिडीवरून मी दहाव्यावर टिचकी मारली.

पोकळ.