सहा व्होल्ट

हाल्वोरकाका गेला त्या हिवाळ्यात
मी त्याचा लाल फार्मॉल बारा व्होल्टचा केला.
एकोणपन्नासचा ट्रॅक्टर. धन टोक चॅसीला जोडलेलं,
साऱ्या जगाच्या उलट, काकासारखंच.
ते सुलट केलं. डायनमो उतरवला,
भंगारातल्या गाडीचा अल्टरनेटर चढवला,
कॉइलच्या वाटेत एक रेझिस्टर.
स्टार्टर तोच ठेवला. सोसेल म्हणाले,
फक्त फार वेळ ताणू नकोस.
दिव्याचा बल्ब तेवढा बदलायचा राहिला.
बटण ओढलं तसा एकदाच
निळापांढरा उजेड पडला गोठ्यावर,
गायींनी माना वर केल्या,
आणि मग अंधार.

उणे बत्तीस. डकोटात वारा कॅनडाकडून येतो,
वाटेत अडवायला दोन कुंपणं, तीही तारेची.
रात्रभर हीटर लावूनही तेल काकवीसारखं.
दांडी ओढली.
खर्र — आणि चालू.
एका दमात!
टोपी उडवायचीच बाकी होती मी.
स्वयंपाकघराच्या खिडकीत आर्डिसकाकू.
मी हात हलवला.
तिने पडदा सोडला.

तीन दिवसांनी, बटाटे सोलताना, बटाट्याकडेच बघत:
"एक्केचाळीस हिवाळे
त्याचं कण्हणं कानावर आल्याशिवाय
मी कॉफीचं पाणी ठेवलं नाही.
उं... हं... उं...
सहा व्होल्ट म्हणजे म्हातारा जिना चढतोय.
तिसऱ्याला पेटला तर कपात दोन चमचे साखर.
सातव्यालाही नाही, तर दुपारपर्यंत तोंड उघडायचं नाही,
गरम पाण्याची किटली घेऊन बाहेर जायचं
आणि ओतायचं तो दाखवेल तिथे.
बॅटरी रात्री घरात. शेगडीमागे, गोणपाटात,
आई टाकून गेलेल्या कोकरासारखी.
त्याच्या एकाही शर्टाला आम्लाची भोकं नाहीत असं नाही.
आता तू येतोस, खर्र होतं, झालं.
वाट बघायला काही ठेवलंच नाहीस."

मी काय बोलणार.
वायरिंग चोख होतं.

शेडमध्ये जुनी बॅटरी होती, फळीखाली, उंदरांच्या लेंड्यांत.
तीन दिवस चार्जरला लावली, मंद आचेवर.
अंगठ्याएवढ्या जाड केबली खिळ्यालाच होत्या,
काका काही टाकत नसे.
रविवारी पहाटे पाचला जोडल्या.
इग्निशन बंदच ठेवलं. पेटवायचं नव्हतंच.
दांडी ओढली.

उं...
मध्ये इतका वेळ, की वाटलं संपलं.
हं...
उं...
आणि अर्ध्यावर चौथं, घशातच.

हातमोज्यात बोटं मोजत उभा राहिलो.
बर्फावर पिवळा चौकोन पडला.
तिकडे दिवा लागला होता.

मग मी नवी बॅटरी जोडली, कारण गायींना
आमच्या भानगडींशी देणंघेणं नसतं, त्यांना गवत हवं असतं.
खर्र. चालू. चार गठ्ठे टाकून आलो,
पापण्यांवरचं दव वितळून गालावर.

काकू पाठमोरी. किटली वाफाळत.
"कितव्याला?"
"तिसऱ्याला," मी म्हणालो.

दोन चमचे.
मी साखर घेत नाही.
तळाशी राहिलेलीसुद्धा बोटाने पुसून घेतली.