तिसरा बोलतोय का

कुताइसीत, मोटार कारखान्याच्या भिंतीमागे,
जिथे आता ट्रक बनत नाहीत, नुसत्या गाई चरतात,
मुर्तझचं गॅरेज: एक खड्डा, एक बल्ब,
आणि मी, सतरा वर्षांचा,
ज्याला तो नावाने हाक मारत नाही.
बिचो, म्हणतो. पोरा.

नाझिब्रोला मास्तरीण ओपेल घेऊन आल्या,
चौऱ्याण्णवची, नवऱ्यामागे राहिलेली.
सिग्नलला थांबली की हिवताप भरल्यासारखी हलते,
चढावर दम टाकते, आणि पिते किती!
"त्यांच्यासारखीच," म्हणाल्या,
आणि हसल्या नाहीत.

मुर्तझने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक इंजेक्टरवर, मूठ कानामागच्या हाडावर.
पहिला: टिकटिक. दुसरा: टिकटिक.
तिसऱ्यावर थांबला. परत टेकवला.
"हा पुटपुटतो. बोलत नाही."

मग शिकवलं, एकदाच, त्याच्या पद्धतीने:
आधी पंपाचा फ्यूज काढ, इंजिनला आपोआप मरू दे,
नाहीतर नळीतलं पेट्रोल तुझ्या डोळ्यांत
आणि तुझी आई माझ्या दारात.
रेल ओढायची नाही, डुलवायची,
दुधाचा दात काढतात तशी.

चार इंजेक्टर निघाले, बोटाएवढे.
रबरी कड्या सुकून काचेसारख्या, नखाने मोडल्या.
टोकांवर तपकिरी राप,
कधीच न घासलेल्या किटलीच्या तोटीत असतो तसा.
आतली जाळी बाजरीच्या दाण्याएवढी.
एवढ्याशा भोकांतून अख्खी गाडी डोंगर चढते,
हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

नऊ व्होल्टची बॅटरी, दोन तारा.
"धरून ठेवू नकोस, जळेल.
टेकव, सोड. टेकव, सोड."
बाकी तिघांचा फवारा बरा.
तिसऱ्याची धार,
लहान पोर भिंतीवर सोडतं तशी, तीही वाकडी.

वाझा चष्मेवाल्याचं चष्मे धुवायचं मशीन आणलं,
पाचला परत करायच्या बोलीवर.
साबणाचं पाणी, चार इंजेक्टर, झाकण.
पाणी करडं झालं, मग काळं.
बदललं. पुन्हा करडं.
वाझाचा पोरगा दोनदा येऊन डोकावून गेला.

सहा वाजता तिसऱ्याला तार टेकवली:
टक्, आणि टोकापुढे धुक्याचा शंकू,
श्वासाएवढा, लगेच विरलेला.
मुर्तझने टोपी काढली.
उकडत होतं, म्हणून.

नव्या कड्या, बोटावर तेल, रेल बसली, फ्यूज लागला.
गाडी सुरू झाली आणि बॉनेटवर ठेवलेला चहा
हलला नाही.
तरी त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला. पहिला. दुसरा.
तिसऱ्यावर थांबला.
मग परत पहिल्यावर गेला, जरा घाईने.
"बिचो, ऐक रे. तिसरा बोलतोय का?"

मी ऐकलं. बोलत होता, चांगला खणखणीत.
चौघेही बोलत होते.
कारखान्याच्या प्रेसखाली एकोणीस वर्षं काढलेला माणूस
माझ्या तोंडाकडे बघत होता, कानाकडे नाही.

काय बोलावं सुचेना.
मी मूठ पुसली, त्याच्या दातांत दिली.
त्याने चावून धरली, डोळे मिटले.
इंजिन त्याच्या जबड्यात शिरलं असावं,
कारण मिशा हलत होत्या, टिकटिक, टिकटिक,
आणि बराच वेळ त्याने ती सोडली नाही.

मास्तरीणबाईंना एवढंच म्हणाला, "तिसरा थकला होता."
त्यांनी पैसे दिले, अक्रोडांची पिशवी दिली.
स्क्रूड्रायव्हर त्याने माझ्या खणात ठेवला,
जणू तो नेहमी तिथेच असायचा.

मशीन मी तीनदा धुतलं.
तरी त्या आठवड्यात आमच्या गल्लीत
ज्यांनी ज्यांनी वाझाकडे चष्मा धुवायला दिला
त्या साऱ्यांनी पेपर वाचला, वह्या तपासल्या, नातवंडं पाहिली
नाकाजवळ पेट्रोलचा बारीक वास घेऊन,
आणि कुणालाच कळेना
कुठून येतोय.